शरीराला औषधाची ‘सवय’ होते, म्हणजे नेमकं काय होतं?

“पहिली दोन वर्षं गोळी छान लागू पडली. आता तीच गोळी घेतो, पण पूर्वीसारखं वाटत नाही. शरीराला सवय झाली असणार.” नैराश्यावरची औषधं बराच काळ घेणाऱ्यांकडून हे वाक्य नेहमी ऐकू येतं. घरचे लोक ते म्हणतात, कधीकधी डॉक्टरही म्हणतात. शोधनिबंधात याच गोष्टीला ‘टॅकिफायलॅक्सिस’ असं भारदस्त नाव आहे आणि इंग्रजी बोलीत ‘पूप-आउट’. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी हा विषय फार चांगला आहे, कारण पुराव्यापेक्षा निष्कर्ष पुढे धावतो म्हणजे काय ते इथे उघड दिसतं.

रुग्णाचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. बरं वाटत होतं, आता वाटत नाही, यात शंका घेण्यासारखं काही नाही. पण ‘औषधाचा असर गेला’ हे त्या अनुभवाचं वर्णन नाही, ते त्याचं स्पष्टीकरण आहे. आणि ज्या अभ्यासांच्या जोरावर हे स्पष्टीकरण दिलं जातं त्यातले बरेचसे अभ्यास ते सिद्ध करू शकतील अशा रीतीने आखलेलेच नाहीत. हा माझा मुद्दा. (कुणी स्वतः ही औषधं घेत असेल तर लेख वाचून गोळी मनाने बंद करू नका किंवा कमी करू नका. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी औषधं एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असा त्रास होतो. ते डॉक्टरांशी बोलूनच करायचं असतं.)

आधी शब्द बघू. बी.फार्म. किंवा एमबीबीएसला फार्माकोलॉजी शिकलेल्यांना इफेड्रिनचा प्रयोग आठवत असेल, हल्ली तो संगणकावर दाखवतात. प्राण्याला इफेड्रिन दिलं की रक्तदाब चढतो. थोड्या वेळाने तेवढाच डोस पुन्हा दिला की कमी चढतो, तिसऱ्यांदा आणखी कमी. इफेड्रिन बऱ्याच अंशी मज्जातंतूंच्या टोकांमधला नॉरअॅड्रेनॅलिनचा साठा बाहेर काढून काम करतं आणि तो साठा लागोपाठच्या डोसांनी रिता होत जातो. हा खरा टॅकिफायलॅक्सिस. ग्रीक भाषेत ‘टॅकिस’ म्हणजे जलद. काही मिनिटांत, काही तासांत घडणारी गोष्ट, आणि त्यामागची यंत्रणा माहीत आहे.

नैराश्याच्या बाबतीत आपण बोलतो ते सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी घडणाऱ्या गोष्टीबद्दल. यात जलद काही नाही आणि यंत्रणाही हातात नाही. तरीही शब्द तोच वापरला, की वाचणाऱ्याला वाटतं यंत्रणा सापडलेली आहे. त्यात भर म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जे अॅमस्टरडॅम आणि सहकाऱ्यांनी हाच शब्द आणखी तिसऱ्या गोष्टीसाठी वापरला. आधी जितकी जास्त अँटिडिप्रेसंट घेऊन झालेली असतात तितकी पुढचं औषध लागू पडण्याची शक्यता कमी, असं त्यांना दिसलं. ही तर वेगवेगळ्या औषधांच्या मालिकेबद्दलची गोष्ट झाली. शिवाय ज्याची चार औषधं घेऊन झाली त्याचा आजार मुळातच चिवट असणार, हे स्पष्टीकरण तिथे दारातच उभं आहे.

मराठीत घोळ वेगळा आहे. आपण ‘सवय लागली’ म्हणतो आणि ‘सवय झाली’ही म्हणतो. पहिल्याचा अर्थ, ते नसेल तर चालत नाही. दुसऱ्याचा अर्थ, ते असूनही जाणवत नाही. चहाची सवय लागते, ट्रेनच्या आवाजाची सवय होते. गोळीच्या बाबतीत बोलताना ही दोन्ही वाक्यं एकमेकांत मिसळतात आणि मग एकच माणूस “सवय लागेल म्हणून गोळी नको” आणि “सवय झाली म्हणून उपयोग नाही” असं एका दमात बोलतो. समुपदेशनाचा किंवा औषधं नियमित घेण्याचा अभ्यास मराठी प्रश्नावलीने करणार असाल तर ‘सवय’ हा शब्द टाकण्याआधी दहा वेळा विचार करा. उत्तरं येतील, पण कशाची ते कळणार नाही.

आता आकड्यांकडे. १९९८ मध्ये बर्न आणि रॉथ्सचाइल्ड यांनी तोवरचे अभ्यास गोळा करून लिहिलं की औषध चालू असतानाच लक्षणं परत येण्याचं प्रमाण ९ ते ३३ टक्के आहे. सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका दीर्घकाळ चाललेल्या पाहणीतून दाखवलं की देखभाल-उपचाराच्या १७१ कालखंडांपैकी ४३ मध्ये, म्हणजे २५ टक्क्यांत, असं घडलं. हे आकडे पुढे शेकडो निबंधांच्या प्रस्तावनेत जसेच्या तसे उतरले आहेत. प्रस्तावनेत ते असे येतात: “टॅकिफायलॅक्सिसचं प्रमाण २५ टक्के आहे.” थांबा. मोजलं काय होतं? औषध चालू असताना आजार उलटला, एवढंच. ‘औषध चालू असताना उलटला’ आणि ‘औषधाचा असर गेल्यामुळे उलटला’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते त्या आकड्यात कुठेच भरून निघालेलं नाही. शिवाय ९ ते ३३ ही पट्टीच सांगते की कुणी किती काळ, कोणत्या रुग्णांना, कोणत्या मोजपट्टीने पाहिलं यात भरपूर फरक होता.

आता जरा आकडेमोड करू. वही-पेन घ्या खरंच, कारण हा भाग नुसता वाचून कळल्यासारखा वाटतो आणि निसटतो.

वॉल्श आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ७५ चाचण्या तपासल्या. औषध दिलेल्यांपैकी साधारण ५० टक्के सुधारले, प्लासिबो दिलेल्यांपैकी साधारण ३० टक्के. म्हणजे औषध घेऊन सुधारलेल्या प्रत्येक ५० जणांपैकी ढोबळ मानाने ३० जण औषधाशिवायही सुधारले असते: काळाने, आशेने, कुणीतरी नीट विचारपूस केल्याने, किंवा आजार आपोआप ओसरल्याने. दुसऱ्या शब्दांत, ‘औषधाने बरे झाले’ अशा शंभर जणांमध्ये ६० जणांचं बरं होणं औषधावर अवलंबून नव्हतं, ४० जणांचं होतं. पण कोण कुठल्या गटातलं हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. साठांनाही वाटतं गोळीने बरं वाटलं.

दुसरा आकडा. गेडिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये ३१ चाचण्यांचं, ४४१० रुग्णांचं एकत्रित विश्लेषण छापलं. सगळे औषधाने सुधारलेले. मग अर्ध्यांचं औषध चालू ठेवलं, अर्ध्यांना नकळत प्लासिबोवर टाकलं. प्लासिबोवाल्यांत ४१ टक्क्यांचा आजार उलटला, औषधवाल्यांत १८ टक्क्यांचा. औषध चालू ठेवण्याचा फायदा यातून चांगलाच दिसतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आपल्याला हवे आहेत ते १८ जण. गोळी घेत होते, तरी आजार उलटला. हेच ना ते, ‘असर गेला’वाले?

दोन्ही आकडे जोडू. (ते वेगवेगळ्या रुग्णसंचांतून आले आहेत, त्यामुळे हा हिशोब फक्त विचार तपासण्यासाठी, उत्तर काढण्यासाठी नाही.) औषध चालू असलेले शंभर जण. समजा, औषधावर अवलंबून नसलेल्या ६० जणांपैकी ३० टक्क्यांचा आजार त्यांच्या त्यांच्या गतीने उलटला. झाले १८. मग खऱ्या अर्थाने औषध लागू पडलेल्या ४० जणांत किती उलटले? शून्य. एकाचाही असर गेला नाही! आता प्लासिबोचा गट जुळतो का पाहा: तिथेही त्या ६० मधले १८ उलटणार आणि ४१ व्हायला उरलेल्या ४० मधले २३ लागतात, म्हणजे साडेसत्तावन्न टक्के. औषध काढून घेतल्यावर एवढे उलटणं सहज पटण्यासारखं आहे.

दुसरं गृहीत धरू. ६० जणांत ३० ऐवजी १५ टक्के उलटले. झाले ९. मग उरलेले ९ त्या ४० मधून यायला हवेत, म्हणजे साडेबावीस टक्क्यांचा असर खरोखर गेला. प्लासिबो गटात ९ अधिक ३२. चाळिसांपैकी ३२ म्हणजे ८० टक्के. जरा जास्त वाटतं, पण अशक्य नाही.

तोच विदा, तेच १८ आणि तेच ४१. एका गृहीतकाने असर जाण्याचं प्रमाण शून्य, दुसऱ्याने साडेबावीस टक्के. आणि या दोहोंत निवड करायला त्या चाचण्यांत काहीही नाही, कारण त्या चाचण्या विचारत होत्या ‘औषध चालू ठेवावं का’ आणि आपण त्यांना विचारतोय ‘औषध थकतं का’. संख्याशास्त्रात याला आयडेंटिफिकेशनचा प्रश्न म्हणतात. रुग्णसंख्या ४४१० ची ४४ हजार केली तरी तो सुटत नाही. पीएचडीच्या मुलाखतीत “सॅम्पल साइज वाढवू” हे उत्तर देण्याआधी हे उदाहरण आठवावं.

हा विचार काही माझा शोध नाही. झिमरमन आणि थाँगी यांनी २००७ मध्ये याच वाटेने जाऊन म्हटलं की औषध चालू असताना उलटणाऱ्यांपैकी बहुतेक जण मुळात औषधाला खरा प्रतिसाद देणारे नव्हतेच आणि खरा टॅकिफायलॅक्सिस विरळा आहे. त्याच्याही आधी न्यूयॉर्कमध्ये क्विटकिन आणि सहकाऱ्यांनी सुधारणेचा आकृतिबंध पाहायला सुरुवात केली होती. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच झटकन बरं वाटणं आणि मग चढउतार होणं, हा प्लासिबोसारखा नमुना. उशिरा सुरू होऊन टिकून राहणं हा औषधाचा नमुना. पहिल्या नमुन्याने सुधारलेल्यांचा आजार नंतर जास्त उलटतो असं त्यांना आढळलं. मला हे काम फार आवडतं, कारण सगळं साध्या आठवडी नोंदींतून काढलं आहे. ना मेंदूचं स्कॅन, ना जनुकं.

पण झिमरमन-थाँगी यांचं म्हणणंही पुरतं गळी उतरत नाही. ५० वजा ३० बरोबर २० ही वजाबाकी धरून चालते की औषधाचा परिणाम आणि प्लासिबोचा परिणाम विटेवर वीट ठेवावी तसे एकमेकांवर रचले जातात. तसं असेलच असं नाही. एकाच माणसात दोन्ही गुंतलेले असू शकतात. आशेने झालेली सुधारणा औषध टिकवून धरत असेल, तर ‘खरा प्रतिसाद’ आणि ‘खोटा प्रतिसाद’ अशी माणसांची विभागणीच कोसळते. माझ्या वरच्या हिशोबातही हीच भेग आहे. म्हणून त्यातून “टॅकिफायलॅक्सिस नाहीच” असं ठरत नाही. एवढंच ठरतं, की २५ टक्के हा आकडा त्याचा पुरावा नाही.

असर जाण्यासारखं दिसणारी बाकीची कारणं झटपट सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकात मिळतात. सर्वांत साधं म्हणजे गोळी नियमित घेतलीच जात नाही. बरं वाटायला लागलं की एक दिवसाआड, मग आठवण झाली तर. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडे रेंगाळतं, त्यामुळे दोन दिवस चुकले तरी फारसं बिघडत नाही. व्हेन्लाफॅक्सिनचं हाफ-लाइफ जेमतेम पाच तासांचं, तिथे लगेच जाणवतं आणि ‘औषध चालेना’ असं वाटतं. मग दुसरी औषधं. आपल्याकडे क्षयाच्या उपचारात रिफॅम्पिसिन असतंच आणि ते यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे डोस तोच राहून रक्तातलं अँटिडिप्रेसंट घटू शकतं. थायरॉइड मंदावणं, दारू, आयुष्यात कोसळलेलं नवं संकट. काही जणांत मूळ निदानच बायपोलर असतं. आणि एक कारण मला विशेष महत्त्वाचं वाटतं: भावना बोथट होणं. एसएसआरआय गटातल्या औषधांनी अनेकांना दुःख कमी होतं तसाच आनंदही कमी होतो, सगळं सपाट वाटतं. रुग्ण म्हणतो, “पुन्हा तसंच वाटतंय.” ऐकणारा समजतो, नैराश्य परत आलं, डोस वाढवा. पण हा औषधाच्या असराचा अभाव नसून कदाचित त्याचा अतिरेक असतो, आणि डोस वाढवल्यावर तो वाढेल. चुकीच्या नावाची किंमत कोण मोजतं ते इथे दिसतं.

इतकं झाल्यावर जीवशास्त्राकडे येतो. माझ्या मित्रमंडळींना खरा रस इथेच असतो आणि मला इथेच सर्वांत जास्त सावध राहावंसं वाटतं. नेहमीचं स्पष्टीकरण असं: औषधाने सेरोटोनिन वाढतं, मेंदू त्याला जुळवून घेतो, रिसेप्टर कमी करतो, म्हणून असर ओसरतो. ऐकायला सुटसुटीत. पण जुळवून घेणं हे तर औषध लागू पडण्याचंही स्पष्टीकरण आहे! गोळी घेतल्यावर सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर काही तासांत अडवला जातो, बरं वाटायला दोन-तीन आठवडे लागतात. मधल्या काळात काय होतं? पाठ्यपुस्तक सांगतं, ५-एचटी१ए ऑटोरिसेप्टर हळूहळू बधिर होतात आणि सेरोटोनिनच्या पेशींवरचा लगाम सैल होतो. म्हणजे रिसेप्टर बदलले की बरं वाटतं, आणि रिसेप्टर बदलले की बरं वाटेनासं होतं. कुठला बदल, कुठे, केव्हा आणि किती, हे न सांगता ‘मेंदूने जुळवून घेतलं’ म्हणणं म्हणजे ‘शरीराला सवय झाली’चंच प्रयोगशाळेतलं रूप.

इटलीतले मनोविकारतज्ज्ञ जोव्हानी फावा गेली तीसेक वर्षं याहून पुढचं म्हणत आले आहेत: दीर्घकाळ औषध दिल्याने मेंदूत विरोधी प्रक्रिया जाग्या होतात आणि त्या आजाराचा पुढचा प्रवासच बिघडवू शकतात. हे गृहीतक मला धाडसी वाटतं आणि ते कुणीतरी मांडायलाच हवं होतं. पण त्याला आधार म्हणून जे दाखवलं जातं, जसं की औषध चालू असताना आजार उलटणं, बंद केल्यावर उलटणं, पुन्हा सुरू केल्यावर लागू न पडणं, ते सगळं चिवट आजाराच्या चित्रातही तंतोतंत बसतं. स्टार-डी या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचं उदाहरण घ्या. पहिल्या टप्प्यानंतरच्या वर्षभराच्या पाठपुराव्यात ४०.१ टक्क्यांचा आजार उलटला, चौथ्या टप्प्यानंतर ७१.१ टक्क्यांचा. फावांचा समर्थक म्हणेल, पाहा, जितकी औषधं जास्त तितकं नुकसान. दुसरा म्हणेल, चौथ्या टप्प्यापर्यंत पोचले तेच मुळी अवघड रुग्ण होते. पाठपुराव्यात प्लासिबोचा गट नव्हता, त्यामुळे दोघेही आपापल्या घरी खूश.

अलीकडची चाचणी म्हणून ब्रिटनमधली अँटलर वाचा, २०२१ ची. ४७८ रुग्ण, सगळे औषध घेऊन आता बरे आणि थांबवायचा विचार करण्याइतपत स्थिर. वर्षभरात औषध बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा. बातम्यांत ५६ गाजला. आपल्या प्रश्नासाठी ३९ जास्त बोलका आहे: बरी असलेली माणसं, ओळखीची गोळी, तरी वर्षात दर दहातल्या जवळजवळ चौघांचा आजार परत. आणि ५६ मध्येही एक पेच आहे. औषध सुटताना होणारा त्रास आणि नैराश्याची लक्षणं, झोप, बेचैनी, रडू येणं, एकमेकांसारखी दिसतात, आणि बंद केलेल्या गटात तो त्रास जास्त होता. ५६ मधलं काही ‘उलटणं’ हे सुटण्याचं दुखणं असेल तर औषधाचा फायदा दिसतो त्याहून कमी ठरतो.

मग प्रश्नाचं उत्तर देणारा अभ्यास कसा असेल? डोस वाढवून पाहणं हा जुना मार्ग आहे. मॉरिझिओ फावा (हे अमेरिकेतले, जोव्हानी वेगळे, संदर्भ देताना आद्याक्षरं नीट लिहा) आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅमवर आजार उलटलेल्यांना ४० मिलिग्रॅम दिलं आणि बहुतेक जण सुधारले. टॉलरन्सचा हा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण रुग्ण मोजकेच होते, डोस वाढवल्याचं सगळ्यांना माहीत होतं आणि तुलनेला गट नव्हता. शिवाय पीईटी स्कॅनच्या अभ्यासांनुसार नेहमीच्या किमान डोसलाच सुमारे ८० टक्के ट्रान्सपोर्टर व्यापलेले असतात आणि त्यापुढे डोस दुप्पट केला तरी व्यापलेपण थोडंच वाढतं. मग सुधारणा कशाने झाली? नव्या आशेने, वेळेने, की आणखी कशाने, हे त्या आखणीत कळत नाही.

मला वाटतं, औषध चालू असताना ज्यांचा आजार उलटला त्यांची आधी रक्तपातळी तपासावी, म्हणजे न घेतलेल्या गोळ्या आणि एन्झाइमचे खेळ बाजूला होतील. मग त्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटावं: एकाला वाढीव डोस, दुसऱ्याला तोच डोस अधिक हुबेहूब दिसणारी रिकामी गोळी, आणि कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. पहिल्या उपचाराच्या वेळच्या आठवडी नोंदी हाताशी असतील तर क्विटकिन यांच्या नमुन्यांप्रमाणे दोन्ही गट पुन्हा फोडून पाहता येतील. उशिरा सुरू होऊन टिकलेला प्रतिसाद ज्यांना होता, रक्तपातळी ज्यांची जागच्या जागी आहे आणि तरी ज्यांचा आजार उलटला, त्यांच्यापुरता ‘औषध थकलं का’ हा प्रश्न नीट विचारता येतो. अशी माणसं शंभरात किती निघतील यावरच अभ्यासाचा खर्च आणि कालावधी ठरेल, आणि उलटलेल्या आजाराच्या माणसाला आठ आठवडे रिकाम्या गोळीवर ठेवायला नैतिकता समिती कोणत्या अटींवर परवानगी देईल, तेही त्यावरच.